हातांचा हिशोब



शाळांचे निकाल लागले, मे महिन्याचं ऊन तापू लागलं, की घराघरांतून एकच विचारणा सुरू होते, "यंदा कुठं जायचं?" कुणी कोकणात मामाकडे जातात, कुणी पंढरपूर-तुळजापूर करतात, कुणी रात्रीची गाडी धरून मुंबईला मावशीकडे उतरतात. ठिकाण ठरायला वेळ लागत नाही. तिकिटंही खटपट केली की मिळतात. घोडं अडतं ते सामानापाशी. निघायच्या आदल्या रात्री सारं घर झोपतं आणि घरची बाई मात्र अकरा वाजेपर्यंत पिशव्या भरत, रिकाम्या करत, पुन्हा भरत बसलेली असते. त्यात घरातल्या आजी उशापाशी येऊन म्हणतात, "घे की गं तेवढं, लागंल कधीतरी!" आणि "कधीतरी"च्या नावाखाली आणखी एक बोचकं वाढतं.

मुलांना घेऊन प्रवास करताना सामान कसं बांधावं, याविषयी आज थोडं बोलायचं आहे. विषय तसा घरगुती. पण प्रवासात मूल हरवतं, मूल आजारी पडतं, किंवा गाडीत चढताना हात सुटतो, तेव्हा त्याच्या मुळाशी पुष्कळदा हे सामानच असतं. म्हणून विषयाला वाटतो तितका हलका समजू नये.

आपल्या आजोबांच्या काळी प्रवासाला निघणारं कुटुंब डोळ्यांपुढे आणा. कोल्हापूरला आगगाडी आली ती 1891 साली. त्या काळापासून पुढं साठ-सत्तर वर्षं फलाटावरचं चित्र फारसं बदललं नाही. लोखंडी ट्रंक, दोरीनं करकचून बांधलेली वळकटी, पितळी फिरकीचा तांब्या, शिदोरीचा डबा आणि नातेवाइकांसाठी गुळाची ढेप. सामान भलतंच जड, पण ते उचलायला हातही तितकेच असत. काका, आत्या, थोरला भाऊ, गडी, स्टेशनवरचा हमाल. आज काय झालं आहे? ट्रंक गेली, वळकटी गेली, बॅगा हलक्या झाल्या. पण कुटुंबही आटोपशीर झालं. हात कमी झाले. आणि वस्तू मात्र वाढल्या. तेव्हा सामान बांधताना पहिला प्रश्न "काय काय न्यायचं?" हा विचारू नये. पहिला प्रश्न असा, की "आपल्याजवळ मोकळे हात किती?"

हा हिशोब आपण एकदा करून पाहू. कोल्हापूरच्या पूर्वेला, विमानतळापासून जवळच, आपलं गडमुडशिंगी आहे. समजा, तिथलं एक कुटुंब रत्नागिरीला निघालं आहे. नवरा, बायको, आजी, सात वर्षांचा मुलगा आणि तीन वर्षांची मुलगी. आधी कोल्हापूरच्या बसस्थानकावर जायचं, तिथं एस. टी. धरायची, आंबा घाट उतरायचा आणि खाली पुन्हा रिक्षा करायची. मोठी माणसं तीन, म्हणजे हात सहा. आता वजाबाकी करू. आजींचा एक हात काठीला आणि दुसरा बसच्या दांड्याला. आई एका हातानं लहानगीला कडेवर घेणार, दुसऱ्या हातानं दांडा धरणार. वडिलांचा एक हात दांड्याला. उरला किती? अवघा एक! चार-पाच पिशव्या आपण ज्या हातांच्या भरवशावर भरतो, ते हात मुळात नसतातच. मग होतं काय, की पिशवी धरण्यासाठी मुलाचा हात सोडला जातो. गर्दीत नेमक्या त्याच क्षणी मूल दिसेनासं होतं.

म्हणून या कुटुंबाचं सामान किती असावं, ते हातच ठरवतात. वडिलांच्या पाठीवर एक मोठी बॅग आणि उरलेल्या एका हातात एक. आईच्या खांद्यावर आडवी अडकवलेली एक पिशवी. आजींच्या खांद्याला त्यांची स्वतःची लहानशी कापडी पिशवी. मुलाच्या पाठीवर त्याचं दप्तर. झाले पाच नग. सहावा नग निघाला, की समजावं, कुणाचा तरी हात सुटणार आहे.

चढण्याचा क्रमही घरीच ठरवून ठेवावा. वडील सामान घेऊन आधी चढतील आणि जागा धरतील. त्यांच्या मागून आजी, मग मुलगा आणि त्याच्या पाठोपाठ, तो नजरेसमोर राहील अशा बेतानं, लहानगीला घेऊन आई. उतरताना आधी एक मोठं माणूस खाली उतरेल, मग मुलं, मग सामान. मूल एकटं खाली आणि मोठी माणसं वर, असं क्षणभरही होऊ देऊ नये.

आता या पाच नगांत काय जाईल ते पाहू.

सगळ्यांत महत्त्वाची ती आईच्या खांद्यावरची पिशवी. मोठी बॅग एकदा सीटखाली किंवा डिकीत गेली, की मुक्कामापर्यंत ती आपली नव्हे. तेव्हा मुक्कामी पोचेपर्यंत मुलाला जे जे लागू शकतं, ते सगळं या एका पिशवीत हवं. एक पाण्याची बाटली. मुलांचा प्रत्येकी एक कपड्यांचा जोड. एक पंचा. ओकारीसाठी दोन-तीन कागदी पिशव्या. खाऊचा डबा. औषधांची पुरचुंडी. कागदपत्रं आणि थोडे पैसे. बस्स. सगळेच्या सगळे पैसे मात्र एकाच जागी ठेवू नयेत. निम्मे वडिलांच्या खिशात असावेत.

पाण्याबद्दल एक लक्षात ठेवावं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. चार बाटल्या घेतल्या, की चार किलोचं ओझं झालं. पुढच्या थांब्यापर्यंत पुरेल इतकंच पाणी भरून घ्यावं आणि चांगलं पाणी मिळेल तिथं बाटली पुन्हा भरावी.

घाटाची वाट असेल, तर ओकारीची तयारी हवीच. गगनबावड्याहून करूळनं उतरा, भुईबावड्यानं उतरा किंवा आंबा घाटानं, मुलं कासावीस होतात. साधारण दोन वर्षांपासून बारा वर्षांपर्यंत हा त्रास अधिक. निघण्यापूर्वी तेलकट, तुडुंब खायला घालू नये. अगदी उपाशीही ठेवू नये. पुढच्या बाजूची जागा मिळाली तर घ्यावी. मुलाच्या हातात पुस्तक किंवा मोबाईल देऊ नये. खिडकीतून लांबचं झाड, लांबचा डोंगर बघायला सांगावं.

शिदोरीच्या बाबतीत आपल्या आज्या शहाण्या होत्या. दुधात कणीक भिजवून केलेल्या दशम्या दुसऱ्या दिवसापर्यंत मऊ राहतात. शेंगदाण्याची कोरडी चटणी, राजगिऱ्याचे लाडू, गूळ-शेंगदाणे आणि वाटेत चघळायला जयसिंगपूरचा भडंग. यातलं काही सांडत नाही आणि लवकर नासतही नाही. मेच्या उन्हात ओल्या खोबऱ्याची चटणी, दहीभात, दुधाची मिठाई बरोबर नेली, तर तिसऱ्या-चौथ्या तासाला ती मुलांच्या पोटाशी वैर धरते.

पोट बिघडलंच, तर औषधांच्या पुरचुंडीत एक वस्तू असलीच पाहिजे. ती म्हणजे क्षार-साखरेची पुडी, जिला आपण ओ. आर. एस. म्हणतो. या पुडीची कथा प्रवासाशीच जोडलेली आहे. 1971 साली पूर्व बंगालमधून लाखो निर्वासित बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत पटकीची साथ पसरली. सलाइनच्या बाटल्या संपत आल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी कलकत्त्यात मीठ, ग्लुकोज आणि सोडा यांच्या पुड्या बांधून घेतल्या, त्या पाण्यात विरघळवून पिंपं भरली आणि रोग्यांच्या नातेवाइकांनाच ते पाणी पाजायला सांगितलं. पूर्वी शेकडा तीसपर्यंत गेलेलं मृत्यूचं प्रमाण शेकडा चारच्या खाली आलं. एका पुडीचं सामर्थ्य ते केवढं! आणि तिचं वजन किती? हातालाही जाणवत नाही.

पुडीवर जेवढं पाणी लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात ती अख्खी विरघळवावी. अर्धी पुडी, अंदाजानं पाणी, असं करू नये. केलेलं पाणी चोवीस तासांच्या आत वापरावं, उरलेलं टाकून द्यावं. पुडी नसेल, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावं. मूल मलूल झालं, लघवी होईना, डोळे खोल गेले किंवा पाणी पोटात ठरेना, तर पुढचा प्रवास तिथंच थांबवावा आणि डॉक्टर गाठावा. तापाचं औषधही मुलाच्या वजनाप्रमाणे किती द्यायचं, ते निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्यावं. रात्री अनोळखी गावात ती चिठ्ठी फार उपयोगी पडते.

आता कपडे. आपल्याकडे मुलांचे कपडे भरतात ते ढिगानं. सदरे एकीकडे, चड्ड्या दुसरीकडे, बनियन तिसऱ्याच पिशवीत. मुक्कामी पोचल्यावर एक चड्डी शोधायला सगळी बॅग पलंगावर उपडी होते. त्यापेक्षा सोपी रीत अशी, की एका मुलाचा एका दिवसाचा संपूर्ण जोड एकत्र ठेवावा, त्याची घट्ट गुंडाळी करावी आणि नाडीनं बांधावी. सकाळी एक गुंडाळी काढून मुलाच्या हाती दिली, की काम झालं. चार दिवसांच्या मुक्कामाला अंगावरचा धरून तीन जोड पुरतात. रोज संध्याकाळी एक धुवून टाकावा. पावसाळ्यात मात्र कोकणात कपडे वाळत नाहीत, तेव्हा दोन जोड जास्त घ्यावेत. जड वस्तू बॅगेच्या तळाशी आणि पाठीच्या बाजूला. पोचताक्षणी लागणारं सगळ्यांत वर. म्हणजे जे आधी लागणार, ते शेवटी भरायचं.

एकाच कामाच्या दहा वस्तू नेण्यापेक्षा दहा कामांची एक वस्तू न्यावी. जुनं मऊ लुगडं घ्या. ते पांघरूण होतं, अंथरूण होतं, खिडकीचा पडदा होतं, तान्ह्याचा झोका होतं आणि बाळाला पाजताना आडोसाही होतं. तान्ह्याची आई बरोबर असेल, तर बसस्थानकावर हिरकणी कक्ष कुठं आहे, ते आधी विचारून घ्यावं. रायगडाचा कडा उतरून बाळाकडे धावलेल्या त्या गवळणीचं नाव या खोलीला दिलं आहे, आणि ते योग्यच आहे.

मुलाच्या दप्तराचाही विचार करू. शाळेच्या दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहाव्या भागापेक्षा जास्त असू नये, असं 2020 च्या दप्तर धोरणात सांगितलं आहे. तोच नियम प्रवासाला लावावा. वीस किलोचं मूल दोन किलो वाहील. त्यात त्याची एक गुंडाळी, त्याची छोटी बाटली आणि त्यानंच निवडलेलं एक खेळणं. एकच! कोणतं ते त्याला ठरवू द्यावं. स्वतः निवडलेली वस्तू मूल सांभाळतं. आणखी एक काम त्याच्याकडे सोपवावं, ते म्हणजे नग मोजण्याचं. प्रत्येक चढ-उताराला त्यानं मोठ्यांदा म्हणायचं, "एक, दोन, तीन, चार, पाच!" जुन्या काळी हे काम घरातले कर्ते पुरुष करीत. सात वर्षांचं पोर ते अधिक चोख करतं, असा अनुभव आहे.

आणि प्रत्येक मुलाच्या खिशात एक चिठ्ठी असावी. तिच्यावर आई-वडिलांचा दूरध्वनी क्रमांक आणि गावाचं नाव लिहावं. मुलाचं नाव बाहेरून दिसेल असं लिहू नये. जोतिबाच्या चैत्र यात्रेत, पंढरीच्या वारीत किंवा एखाद्या गजबजलेल्या बसस्थानकावर मूल चुकलं, तर ती चिठ्ठीच बोलते. मुलांच्या मदतीसाठी 1098, रेल्वेत 139 आणि कोणत्याही संकटात 112 हे क्रमांक मोठ्यांनी पाठ ठेवावेत.

आगगाडीनं जाणाऱ्यांसाठी एक सूचना. पाच वर्षांखालील मुलाला तिकीट लागत नाही. पाच ते बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला वेगळी झोपायची जागा हवी असेल, तर 2016 पासून पूर्ण भाडं द्यावं लागतं. अर्ध्या तिकिटात जागा मिळत नाही. म्हणजे अर्धं तिकीट काढलं, तर रात्री मूल तुमच्याच बाकावर झोपणार. तिथं पायाशी सामान ठेवायला जागा उरणार नाही, हे बांधतानाच ध्यानात घ्यावं. एस. टी.त पाच ते बारा वर्षांपर्यंत अर्धं तिकीट आहे. मुलाच्या वयाचा दाखला म्हणून आधार कार्ड खांद्यावरच्या पिशवीत असू द्यावं.

श्रोतेहो, हौसेच्या प्रवासात सामान चुकलं तर गैरसोय होते, एवढंच. पण आपल्या गडमुडशिंगीच्या शेजारी, वळिवड्याच्या माळावर, अशा माता येऊन राहिल्या होत्या, की ज्यांच्या बांधाबांधीवर मुलांचा जीव अवलंबून होता. 1940 च्या फेब्रुवारीपासून सोव्हिएत सैनिकांनी पूर्व पोलंडमधली हजारो कुटुंबं घरातून उठवून सैबेरियाकडे आणि मध्य आशियाकडे धाडली. रात्री दारावर थाप पडे. कुठं अर्धा तास, कुठं एक-दोन तास, एवढ्या अवधीत मुलांसह निघायचं. कुठं जायचं, किती दिवसांसाठी, हे ठाऊक नाही. ज्यांनी गोधड्या, लोकरीचे कपडे, पीठ आणि चरबी उचलली, त्यांना पुढच्या थंडीत त्यांचा आधार झाला; त्यांतलेच कपडे देऊन पुढं धान्यही मिळवता आलं. 1941 नंतर त्यांची सुटका झाली. इराणमार्गे, कराचीमार्गे फिरत फिरत 1943 साली त्यांतले काही जण कोल्हापूर संस्थानात आले. वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहिली, त्यांत बहुतेक बायका आणि मुलं. इथं त्यांच्या शाळा भरल्या, दवाखाना झाला, प्रार्थनामंदिर झालं. 1948 साली ती पुन्हा बांधाबांध करून निघून गेली. त्याच बराकींत मग फाळणीत घरदार सोडून आलेली सिंधी कुटुंबं राहायला आली आणि तिथंच आजचं गांधीनगर उभं राहिलं. कापड घ्यायला आपण ज्या पेठेत जातो, तिच्या पायाशी दोन देशांच्या निर्वासितांची बोचकी आहेत.

आणि ही गोष्ट केवळ परक्यांची नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा 2021 च्या जुलैमध्ये पंचगंगेला महापूर आला. आंबेवाडी-चिखलीच्या माणसांना मुलं-म्हातारी घेऊन घरं सोडावी लागली. नावेत बसताना एका हातात मूल असतं. दुसऱ्या हातात काय असेल, हे ठरवायला वेळ नसतो. म्हणूनच आईची ती खांद्यावरची पिशवी सुट्टी संपली तरी पूर्ण मोकळी करू नये. पावसाळाभर कागदपत्रं, औषधं, ओ. आर. एस.च्या पुड्या, विजेरी आणि मुलांचा एकेक जोड तिच्यात घालून ती खुंटीवर तयार असावी. सहलीच्या निमित्तानं लागलेली सवय संकटात कामाला येते.

एक शेवटची गोष्ट घरातल्या पुरुषमंडळींना सांगायची आहे. सामान बांधणं हे बाईचं काम, असं आपण गृहीत धरलं आहे. त्यामुळे सहल सगळ्यांची होते आणि दगदग एकटीची. शिवाय कुठल्या बॅगेत काय आहे, हे तिलाच ठाऊक. ती झोपली, आजारी पडली, की सगळे आंधळे. तेव्हा एका कागदावर यादी करावी, ती सगळ्यांसमोर वाचावी आणि ज्याच्या पाठीवर जो नग, त्यानंच तो भरावा. स्वतः वाहायची असली, की बॅग आपोआप हलकी होते!

आणि भरून झाल्यावर एक परीक्षा घ्यावी. आदल्या दिवशी संध्याकाळीच सगळ्यांनी आपापले नग अंगावर घ्यावेत, लहानाला कडेवर घ्यावं, थोरल्याचा हात धरावा आणि दारापासून गल्लीच्या टोकापर्यंत चालून यावं. शेजारी हसतील, हसू द्यावं. जे शंभर पावलांत जड झालं, ते शंभर मैलांत हलकं होणार नाही. परत घरात येऊन ते काढून ठेवावं. परतीच्या वाटेवर मळके कपडे अधिक जागा घेतात, शिवाय आमसुलं, काजू, फणसपोळी बरोबर येतेच; तिच्यासाठी एक रिकामी कापडी पिशवी घडी घालून तळाशी टाकावी. पण येतानाही नग पाचच व्हायला हवेत, हे विसरू नये.

यंदाच्या सुट्टीत आपण कुठंही जा. सामान मुलांसाठी आहे, मुलं सामानासाठी नाहीत, एवढं मनात धरून निघा. गाडीत पाऊल टाकताना प्रत्येक मुलाचा हात कुणाच्या तरी हातात असेल, तर बांधाबांध उत्तम झाली, असं खुशाल समजा. आपला प्रवास सुखाचा होवो.